केळ्यांचा घागरा आणि सैनिकी गणवेश

अंगावरचे कपडे हे नुसते कपडे नसतात. कोणी काय घालायचे हे ज्याच्या हाती सत्ता असते तो ठरवतो. रंगमंचावरच्या स्त्रियांचे जुने जाहिरातीचे फोटो याचा पुरावा आहेत.

जोसेफिन बेकर १९०६ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरात गरीब कृष्णवर्णीय घरात जन्मली. १९२५ साली ती पॅरिसच्या रंगमंचावर आली. पॉल कोलँने काढलेल्या तिच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर काळ्या पुरुषांचे ओठ मुद्दाम फुगवून दाखवले होते. १९२६ साली केळ्यांचा घागरा घातलेले तिचे फोटो गाजले. पुढे गळपट्टा बांधलेल्या चित्त्यासोबतचे फोटो आले. शहरात वाढलेली मुलगी जंगलातली बाई म्हणून विकली गेली! केळी हा वसाहतींतून येणारा माल. आफ्रिकेची जमीन आणि काळ्या स्त्रीचे शरीर, दोन्ही गोऱ्या प्रेक्षकांपुढे एकाच ताटात वाढले गेले.

मग दोष बेकरचा का? आम्ही तसे मानत नाही. मिळाली त्या जागेतून तिने पोट भरले, नाव कमावले. तमाशातल्या आपल्या आयाबहिणींना नावे ठेवणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. दोष नाचणारीचा नाही. तिच्यासाठी तेवढीच जागा शिल्लक ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

पण प्रतीक बदलता येते. दुसऱ्या महायुद्धात बेकरने नाझींविरुद्ध फ्रान्ससाठी हेरगिरी केली. गाण्यांच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली माहिती पोहोचवली. काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवणाऱ्या नाट्यगृहांत कार्यक्रम करायला तिने अमेरिकेत नकार दिला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात ती बोलायला उभी राहिली, ती फ्रेंच सैन्याच्या गणवेशात, छातीवर पदके लावून. शरीर तेच होते. कपडे मात्र तिने निवडले होते.

केळ्यांच्या घागऱ्याला दोन वर्षेही झाली नव्हती तोच, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेब महाडला आपल्या स्त्रियांशी बोलत होते. जात ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, तसले दागिने घालू नका, असे त्यांनी सांगितले. तो फॅशनचा सल्ला नव्हता. व्यवस्थेने अंगावर लिहिलेली जात पुसण्याचा तो कार्यक्रम होता. बाबासाहेबांचा कोटही तेच सांगतो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, जयंतीचा बॅनर छापायला देण्याआधी एकदा पाहा. त्यावर आपल्या स्त्रिया किती आहेत? आणि त्या कशा दिसाव्यात, हे कोणी ठरवले आहे?

जय भीम!