पारव्याचें घर

भिवंडी तालुक्यांतील वळ हें गांव आज गोदामांचें गांव म्हणून ओळखलें जातें. धान्य व निवारा जेथें असेल तेथें पारवाही येतो; पत्र्याखालच्या लोखंडी तुळया त्याला कड्याच्या कपारींसारख्याच सोईच्या वाटतात. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका गोदामाच्या दाराशीं एक पारवा आमच्या हातीं लागला. त्याच्या पायांना सुताचा गुंता करकचून बसला होता व उजव्या पायाचीं दोन बोटें काळीं पडलीं होतीं. ज्या सुतावर भिवंडीचीं असंख्य घरें पोसलीं गेलीं, त्याचाच एक तुटका धागा या पांखराची बेडी झाला असावा.

आम्ही त्याला फडक्यांत गुंडाळून घरीं आणलें, कोमट पाण्यानें गुंता भिजविला व लहान कात्रीनें एकेक धागा कापला. पहिला दिवस त्याला अंधाऱ्या, हवेशीर खोक्यांत स्वस्थ ठेवलें. ज्वारी, बाजरी, मूग व थोडी बारीक खडी हें त्याचें अन्न. कारण दांत नसलेल्या पांखराला दाणा पोटांत दळण्यासाठीं खडे लागतात. पाण्याचें भांडें खोल हवें. इतर पांखरांप्रमाणें मान वर न करतां पारवा चोंच बुडवून पाणी ओढतो. विष्ठा ओली करूनच पुसावी, कारण तिची सुकी धूळ फुप्फुसांस अपाय करते. आठ दिवस त्यानें पंखांचे तडाखे दिले; नवव्या दिवशीं हातावरचा दाणा टिपला. मुलांना वाटलें, तो आपला झाला. येथेंच घरांत वाद उभा राहिला: पारवा पाळावा, कीं सोडावा?

इतिहास पाहिला तर पाळणारांचीच बाजू बळकट दिसते. बाराव्या शतकांत कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें पारावतविनोदाला स्थान दिलें. आपला 'पारवा' हा शब्द त्या पारावताचाच वंशज. अकबराच्या दरबारीं 20,000 हून अधिक कबुतरें होतीं व त्यांपैकीं 500 खास गणलीं जात, असें अबुल फजल सांगतो. बादशहा या छंदाला 'इश्कबाजी' म्हणे. 1859 सालीं डार्विननें आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत अकबराच्या या कबुतरांचा उल्लेख केला आणि लक्क्यासह सर्व पाळीव जाती एकाच रानपारव्यापासून निपजल्या, असें मत मांडलें. 1946 सालीं ओरिसाच्या पोलिसांनीं निरोप्या कबुतरांचें दल उभारलें.

परंतु या साऱ्या इतिहासांत इश्क बादशहाचा, शोध शास्त्रज्ञाचा आणि निरोप पोलिसांचा! धर्मार्थ दाणे टाकणाराची दृष्टिही पुष्कळदां आपल्या पुण्यावरच असते. 2025 सालीं महानगरपालिकेनें दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला, तेव्हां एका पक्षानें श्रद्धा पुढें केली व दुसऱ्यानें आरोग्य. आरोग्याची तक्रार खरी होती. पण पारव्याचें हित कशांत, हा प्रश्न त्या गलबल्यांत फारसा ऐकूं आला नाहीं.

त्याचें उत्तर निरोप्या कबुतरांच्या रीतींतच आहे. असें कबूतर आपण धाडूं तेथें जात नाहीं. दूर नेऊन सोडल्यावर तें केवळ आपल्या घरीं परततें. मनुष्यानें त्याच्या पायाला चिठ्ठी बांधली, एवढेंच. म्हणजे ज्या गुणामुळें राजांनीं व शिपायांनीं त्याला जवळ केलें, तो गुण मालकावरील निष्ठा नसून घराची ओढ होय. आमच्या पारव्याचें घर आमच्या खोक्यांत नव्हतें. हातावरचा दाणा त्यानें भुकेनें टिपला. त्याला प्रेम समजणें ही आमचीच इश्कबाजी.

पायाची जखम भरली, पंखांत बळ आलें, तेव्हां एका सकाळीं आम्ही मुलांसह वळ येथें गेलों व त्याच गोदामासमोर खोकें उघडलें. पारवा क्षणभर थांबला, मग फडफडत तुळईवर जाऊन लंगडत सरकला. धाकट्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. तिची समजूत घालण्यासारखें शब्द आम्हांपाशीं नव्हते. म्हणून आम्ही सर्वांनीं मिळून अंगणांत पडलेले सुताचे तुकडे वेंचले.