टॅबलेटचा रिमोट कसा झाला

टॅबलेट टीव्हीला जोडलाय, सिनेमा सुरू आहे, संवाद खणखणीत ऐकू येतायत आणि पडदा मात्र ठार काळा. ही खटपट ज्यांनी केली आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची या काळ्या पडद्याशी गाठ पडलेली असते. लोक वायर काढून पुन्हा खोचतात, फुंकर मारतात, दुकानदाराला दोन शब्द सुनावतात. बिचाऱ्या वायरचा बहुधा काही दोष नसतो. नक्कल होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेलं ते कुलूप असतं.

ते आलं एचडीएमआयबरोबर. ही जोडणी डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाली. सोनी, फिलिप्स, हिताची, तोशिबा, थॉमसन, सिलिकॉन इमेज आणि आज पॅनासॉनिक म्हणून ओळखली जाणारी मात्सुशिता अशा ७ कंपन्यांनी मिळून ती ठरवली. त्याआधी टीव्हीच्या पाठीमागे हात घालून पिवळी, पांढरी, लाल पिन अंदाजाने खोचावी लागे. आता चित्र आणि आवाज एकाच तारेतून येऊ लागले. पण सोबत इंटेलने बनवलेली एचडीसीपी ही तपासणीही आली. पाठवणारं यंत्र आधी समोरच्याची ओळख विचारतं, आणि ती पटली तरच चित्र सोडतं. स्वस्तातल्या जोडण्या नेमक्या इथे अडतात.

टॅबलेट घरोघरी पोचले ते २०१० नंतर. पहिल्या आयपॅडमधून काही मोजक्या ॲपचीच चित्रं टीव्हीवर जात. अख्खा पडदा जसाच्या तसा दिसायला २०११ मधला आयपॅड २ आणि ३९ डॉलरचा ॲडॉप्टर लागला. अँड्रॉइडवाल्यांनी एमएचएल काढलं, म्हणजे चार्जिंगच्या मायक्रो-यूएसबी भोकातूनच चित्र बाहेर काढायचं. कल्पना उत्तम. पण बाहेरून सगळी भोकं सारखीच दिसायची आणि कशात एमएचएल आहे, कशात नाही, ते वायर विकत घेतल्यावरच कळायचं.

ॲपलने २०१२ मध्ये पिन बदलली तेव्हा तर गंमतच झाली. नव्या लायटनिंग पिनमधून सरळ चित्र निघेना. पॅनिक या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींना टीव्हीवरचं चित्र जरा फुटलेलं दिसलं, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी ४९ डॉलरचा तो ॲडॉप्टर कापूनच पाहिला. आत एआरएम चिप निघाली! बोटभर ॲडॉप्टरमध्ये एक अख्खा छोटा संगणक बसवला होता, आणि तो आयपॅडने दाबून पाठवलेलं चित्र पुन्हा उलगडून टीव्हीला देत होता.

तारेविनाही तेच चाललं होतं. ॲपलचं एअरप्ले मिररिंग २०११ मध्ये आलं, वाय-फाय अलायन्सचं मिराकास्ट २०१२ मध्ये. दोन्हींत टॅबलेटने नेटवरून सिनेमा घ्यायचा, उलगडायचा, पडद्यावर दाखवायचा, तोच पडदा पुन्हा दाबून टीव्हीकडे पाठवायचा. बॅटरी भराभर उतरते, चित्र अडखळतं, आणि व्हॉट्सॲपवर आलेला मामांचा निरोप सगळ्या घराला दिसतो.

या सगळ्या धडपडीत टॅबलेटनेच चित्र पाठवायला हवं, हे गृहीतच धरलेलं होतं. नेटफ्लिक्स आणि यूट्यूबने मिळून डायल नावाची पद्धत बसवली, तिने ते मोडलं. टॅबलेट घरातल्या वायफायवर हाक देतो, टीव्ही ओ देतो, आणि टॅबलेट त्याला अमुक ॲप उघड, अमुक व्हिडिओ लाव, एवढंच सांगतो. सिनेमा टीव्ही स्वतः नेटवरून घेतो. टॅबलेट उरला फक्त रिमोट. तो खुशाल बाजूला ठेवून द्यावा. हक्काची तपासणी टीव्हीकडचं ॲपच करतं, त्यामुळे काळा पडदाही नाही.

गूगलने हा विचार आधी महाग करून पाहिला. जून २०१२ मध्ये नेक्सस क्यू नावाचा काळा गोळा दाखवला. त्यात ॲम्प्लिफायर, बाहेर दिव्यांचं वलय, किंमत २९९ डॉलर; आणि दाखवायचा तो फक्त गूगलच्याच घरचा माल. टीका झाली, विक्री बारगळली. पुढच्याच वर्षी, २४ जुलै २०१३ रोजी, क्रोमकास्ट आलं ३५ डॉलरला. ॲम्प्लिफायर नाही, दिवे नाहीत, रिमोटसुद्धा नाही. टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायचं एक डोंगल. त्या भोकातून पुरेशी वीज मिळत नाही म्हणून शेपटीसारखी एक यूएसबी वायर तेवढी लागे. त्याच कार्यक्रमात गूगलने नवा नेक्सस ७ टॅबलेटही आणला. त्यात तारेने चित्र बाहेर काढायची स्लिमपोर्टची सोय होती. ती किती जणांना आठवते?

भारतात क्रोमकास्ट डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आलं. तेव्हा इथे नेटफ्लिक्स नव्हतं आणि डेटा महाग होता. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ, आणि मग डोंगलला खरं काम मिळालं. २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली ती स्वतःचा रिमोट घेऊन, म्हणजे टॅबलेटचीही गरज संपली.

१० कोटींहून जास्त विकून गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची डोंगलं जगभर एकाएकी रुसली, कारण आतल्या प्रमाणपत्राची १० वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. साधी तार अशी तारीख बघून बंद पडत नाही, हे तिच्या बाजूने मान्य करायला हवं.

तरीही स्वस्तात काम भागवायचं तर माझं मत डोंगलच्याच बाजूने आहे, अर्थात घरात वायफाय असेल तर. त्याआधी टीव्हीतच कास्टची सोय आहे का ते बघा. अनेक नव्या टीव्हींत असते, मग एक रुपयाही घालवायचा नाही. आणि तारच घ्यायची असेल, तर टॅबलेटच्या माहितीपत्रकात यूएसबी-सी पोर्टपुढे डिस्प्लेपोर्ट लिहिलंय का ते आधी वाचा. स्वस्त टॅबलेटमध्ये बहुधा ते नसतं. नसेल तर यूएसबी-सी ते एचडीएमआय हा साधा ॲडॉप्टर दुकानदार कितीही छातीठोकपणे देत असला, तरी घेऊ नका.