‘रिक्षा’ : शब्दातून गळालेला माणूस

‘रिक्षा’ हा शब्द ‘भिक्षा’, ‘शिक्षा’ यांच्या पंक्तीत इतका सहज बसतो की ‘क्ष’मुळे तो संस्कृतोद्भव वाटावा. वस्तुतः तो जपानी आहे. १८६९ च्या सुमारास टोकियोत प्रचारात आलेल्या, माणसाने ओढावयाच्या दुचाकी गाडीस ‘जिन्-रिकि-शा’ असे नाव होते. जिन् म्हणजे मनुष्य, रिकि म्हणजे बळ, शा म्हणजे वाहन. इंग्रजीमार्गे भारतात येईपर्यंत या समासातील पहिले पद गळाले. बळ आणि वाहन उरले. माणूस शब्दातून गेला. प्रत्यक्षात तो गाडीच्या दांड्यांमध्येच उभा होता.

१९६० नंतर तीनचाकी ऑटोरिक्षा रूढ होत गेली आणि मराठीत नुसते ‘रिक्षा’ म्हटले की तीच, असा अर्थ स्थिरावला. जुन्या वाहनास ‘हात’ हे उपपद जोडावे लागले. क्रियापदांनी मात्र भेद जपला : रिक्षा ‘चालवली’ जाते, हातरिक्षा ‘ओढली’ जाते.

माथेरानला हा भेद केवळ भाषेचा नव्हता. मोटारींना बंदी असल्याने तेथील लाल मातीच्या चढावर माणसेच प्रवासी ओढत राहिली. पर्यावरणाची काळजी आणि श्रमिकाची हेळसांड एकाच नियमाच्या छायेत नांदली, हे नमूद करणे आवश्यक आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवली, ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देण्याची योजना आखण्यास राज्यास सांगितले.