व्हीडीआरएल : चार अक्षरांमागची चाळीस वर्षे

गरोदरपणातील पहिल्या रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्या सोबत एक ओळ असते : व्हीडीआरएल. पुढे ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेले असले की कागद फाइलमध्ये जातो. ही चाचणी उपदंशाची, म्हणजे बोलीभाषेतील गरमीची. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेद ग्रंथाने या रोगाचे नाव थेट फिरंग्यांशी जोडले : फिरंग रोग.

उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये बर्लिन येथे फ्रिट्झ शाउडिन आणि एरिश हॉफमन यांना दिसला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट वासरमन, अल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी रक्तचाचणी जाहीर केली. तोवर वैद्यांची सारी मदार अंगावरील खुणांवर होती, आणि या रोगाची खोड अशी की पहिला व्रण बहुधा दुखत नाही व औषधाविनाही भरून येतो. रोग मात्र आत दबा धरून राहतो आणि कित्येक वर्षांनी हृदय किंवा मेंदू गाठू शकतो. वरवर धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या मनातील धास्तीला उत्तर देणारे साधन आता प्रथमच हाती आले होते.

या साधनाची कथा विलक्षण आहे. उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृतात जंतूंची दाटी असते. म्हणून त्या यकृताचा अर्क वापरावा, रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंड त्यातील जंतूंना ओळखतील, असा वासरमन यांचा तर्क होता. लवकरच ध्यानात आले की निरोगी यकृताचा, इतकेच काय, बैलाच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो! तर्क फसला होता, चाचणी मात्र चालत होती. विज्ञानातील ‘तथ्य’ कसे घडते यावर लुडविक फ्लेक यांनी १९३५ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचा मुख्य आधार हीच चाचणी होती.

चाचणी जंतूला पाहतच नव्हती. संसर्गात शरीर एका मेदद्रव्याविरुद्ध प्रतिपिंड बनवते, तेवढेच तिला दिसत होते. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून ते द्रव्य वेगळे काढले : कार्डिओलिपिन. त्याच्या आधारे १९४६ मध्ये अमेरिकी सरकारच्या गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळेने सुटसुटीत चाचणी तयार केली. व्हीडीआरएल ही त्या प्रयोगशाळेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे.

पण असेच प्रतिपिंड मलेरिया, कुष्ठरोग, ल्यूपस यांत आणि क्वचित गरोदरपणातही आढळतात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने १९३५ मध्ये विवाहापूर्वी वधूवरांची रक्ततपासणी सक्तीची केली आणि इतर अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. ज्यांना हा रोग कधी झालाच नव्हता, अशांच्याही माथी त्यामुळे तो मारला गेला. जंतूविरुद्धचेच प्रतिपिंड शोधणारी चाचणी १९४९ मध्ये आली, तेव्हा या खोट्या आरोपांची व्याप्ती उघड होऊ लागली. आज व्हीडीआरएल ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली की टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करतात, ती याच धड्यामुळे.

दुसरी मर्यादा काळाची. संसर्गानंतर व्रण साधारण तीन आठवड्यांनी उमटतो. कधी दहा दिवसांत, कधी नव्वद. प्रतिपिंड बहुधा त्याच्याही नंतर वाढतात. त्यामुळे धास्तावून दुसऱ्याच दिवशी दिलेले रक्त त्या प्रसंगाविषयी काहीच सांगत नाही. व्रण दिसला तर मात्र थांबायचे नसते, तत्काळ डॉक्टरांना दाखवायचे. एरवी सुरुवातीची तपासणी ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करतात. गर्भवतीची तपासणी पहिल्याच भेटीत होते, कारण वेळेवर दिलेले पेनिसिलिन बाळालाही वाचवते.

एवढ्या उणिवा असूनही ही जुनी चाचणी टिकून आहे. टीपीएचए एकदा ‘पॉझिटिव्ह’ आली की बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर तशीच राहते. व्हीडीआरएलचा आकडा मात्र उपचारानंतर उतरतो : १:३२ वरून १:८, मग १:२. औषध लागू पडले की नाही, हे डॉक्टर आजही त्याच उतरत्या आकड्यावरून ठरवतात.