उभ्या गाडीची गोष्ट

हॉट रॉड म्हटलं की सगळे वेगाचंच बोलतात. मला कुतूहल आहे ते गाडी उभी असतानाच्या धडपडीचं.

फोर्डने १९३२ साली सामान्यांना परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं. कॅलिफोर्नियात मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवणाऱ्या पोरांना ते वरदानच! पुढे एकाऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर बसवायची चाल पडली. १९३८ पासून तिथल्या टायमिंग असोसिएशनने वेग मोजले. पण त्याच गाडीने घरीही परतायचं असे, आणि थांबलं की इंजिन गचके खाई.

आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. पेट्रोल येतं ते तिच्याखालच्या बारीक छिद्रातून. गॅस्केटमधून जराशी जादा हवा शिरली तरी मिश्रण बिघडतं. पंपाचा दाब जास्त असला तर फ्लोटची सुई ढकलली जाऊन पेट्रोल ओसंडतं. त्यात दोन कार्ब्युरेटर, म्हणजे मिश्रणाचे चार स्क्रू! शिवाय दोन्हीकडे हवा सारखी जायला हवी. ती जाणकार रबरी नळी कानाला लावून, फुसफुस ऐकून जुळवतात. (तंबोरा लावण्यासारखंच की हे.)

आधी गॅस्केट, मग पेट्रोलचा दाब, स्क्रू शेवटी. पुष्कळजण पहिला हात स्क्रूलाच घालतात आणि अख्खा रविवार तिथेच जातो.