ओपनडब्ल्यूआरटी

घरगुती व लहान कार्यालयांतील राउटरांसाठी विकसित करण्यात आलेली, लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक प्रणाली. राउटर हा एक लहान संगणकच असतो. परंतु त्याच्या फ्लॅश स्मृतीत निर्मात्याने भरलेली आज्ञावली अद्ययावत करण्याचे काम सामान्यतः निर्मात्याकडेच राहते. निर्मात्याने ते थांबविले, की यंत्र सुस्थितीत असूनही त्याच्या आज्ञावलीतील दोष तसेच राहतात. ही अडचण कितपत दूर करता येते व कोणत्या कारणांनी अपुरी दूर होते, हे ओपनडब्ल्यूआरटीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

उगम : अमेरिकेतील लिंकसिस या कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी ५४ जी हा बिनतारी राउटर बाजारात आणला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ब्रॉडकॉम कंपनीचा १२५ मेगाहर्ट्‌झ गतीचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट कार्यकारी स्मृती व ४ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. २००३ मध्ये सिस्को कंपनीने लिंकसिस विकत घेतली. त्याच वर्षी या राउटरात लिनक्स वापरले असल्याचे संगणकतज्ञांच्या लक्षात आले. लिनक्सला लागू असलेल्या जीएनयू सार्वजनिक परवान्यानुसार, तयार आज्ञावलीचे वितरण करणाऱ्याने तिची मूळ संहिताही उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. या मागणीनंतर जुलै २००३ मध्ये लिंकसिसने संहिता प्रसिद्ध केली. तिच्या आधारे जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला; त्याच्या नावातील ‘डब्ल्यूआरटी’ ही अक्षरे याच राउटरावरून घेतलेली आहेत.

बंदिस्त भाग : प्रसिद्ध झालेल्या संहितेत एक महत्त्वाचा भाग मात्र नव्हता. बिनतारी संदेशवहन करणाऱ्या ब्रॉडकॉमच्या चिपची चालक आज्ञावली केवळ यंत्रभाषेत, म्हणजे वाचून बदलता येणार नाही अशा स्वरूपात मिळत होती. अशी आज्ञावली, ती ज्या कर्नलसाठी तयार केलेली असते त्याच्या अंतर्गत रचनेशी जखडलेली असते. ती रचना बदलली म्हणजे तिचा उपयोग राहत नाही. ही चालक आज्ञावली लिनक्स कर्नलच्या २.४ मालिकेसाठी होती. २.६ मालिका डिसेंबर २००३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तथापि बिनतारी जोडणी चालू ठेवण्यासाठी या राउटरांकरिता जुनाच कर्नल जतन करावा लागला. अशा रीतीने एका बंद भागामुळे खुली असलेली उर्वरित प्रणालीही मागे राहिली. २.४ मालिकेची अखेरची आवृत्ती डिसेंबर २०१० मध्ये निघाली.

पर्यायी चालक आज्ञावली : या कोंडीवर उपाय म्हणून स्वयंसेवकांनी श्रमविभागणीची पद्धत अवलंबिली. एका गटाने मूळ चालक आज्ञावलीचे विश्लेषण करून चिपच्या कार्याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवी आज्ञावली रचली. ती २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ आवृत्तीत समाविष्ट झाली व २००८ मध्ये बी ४३ या सुधारित आज्ञावलीने तिची जागा घेतली. तरीही चिपमध्ये भरावयाच्या सूक्ष्म आज्ञा ब्रॉडकॉमच्याच असल्याने वापरणाऱ्यास त्या जुन्या चालक आज्ञावलीतून वेगळ्या काढून घ्याव्या लागत. इटलीतील ब्रेशा विद्यापीठात काही चिपांपुरता त्यांचा मुक्त पर्याय तयार करण्यात आला.

स्मृतीची मर्यादा : २००५ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी ५४ जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही प्रणाली आली आणि कार्यकारी व फ्लॅश स्मृती अनुक्रमे ८ व २ मेगाबाइटपर्यंत घटविण्यात आली. लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी पूर्वीच्या रचनेचा डब्ल्यूआरटी ५४ जीएल हा वेगळा राउटर काढण्यात आला. पुढे मुक्त प्रणालीचाही आकार वाढत गेला. २०२१ मधील २१.०२ या आवृत्तीपासून ओपनडब्ल्यूआरटीला किमान ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट कार्यकारी स्मृती आवश्यक ठरली. अर्थात संहिता खुली असली, तरी यंत्राचे आयुष्य अमर्याद वाढत नाही.

महत्त्व : देखभाल थांबलेला राउटर केवळ त्याच्या मालकापुरता धोकादायक नसतो. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक आज्ञावलीने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणे बाधित केल्याचा अंदाज होता. त्यांत लिंकसिससह अनेक कंपन्यांचे राउटर होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने, निर्मात्यांनी देखभाल बंद केलेल्या राउटरांचा गुन्हेगार आपली ओळख लपविण्यासाठी वापर करीत असल्याचा इशारा देऊन ते बदलण्याचा सल्ला दिला.

ओपनडब्ल्यूआरटीमधून २०१६ मध्ये लेडे हा प्रकल्प फुटून निघाला. जानेवारी २०१८ मध्ये दोहोंचे पुन्हा एकीकरण झाले. २०२४ मध्ये या प्रकल्पाच्या गरजा लक्षात घेऊन तयार केलेला ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर विक्रीस आला. विकत घेतलेल्या यंत्राची दुरुस्ती निर्मात्यानंतर कोण करू शकेल, हे बव्हंशी त्याची संहिता किती पूर्णपणे उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. डब्ल्यूआरटी ५४ जीच्या बाबतीत ती बहुतांश मिळाली. जो थोडा भाग मिळाला नाही, त्याची भरपाई करण्यासाठी अनेक वर्षांचे श्रम खर्ची पडले.