'द मिस्ट': एका शेवटाविषयीचा अपेक्षाभंग

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होते तेव्हा वाद बहुधा शेवटावरून उद्भवतो. मधले प्रसंग गाळलेले वाचक सहन करतो. शेवट बदलला, की फसवणूक झाल्याची भावना त्याच्या मनात निर्माण होते. भयकथेत ही भावना विशेष तीव्र असते, कारण भयाच्या अनुभवातच सुटकेची आशा अनुस्यूत असते. स्टीफन किंग यांच्या 'द मिस्ट' या दीर्घकथेवर फ्रँक डॅराबॉन्ट यांनी २००७ मध्ये काढलेला चित्रपट हे याचे बोलके उदाहरण होय.

या वादाला अमेरिकन चित्रपटसृष्टीत जुनी पार्श्वभूमी आहे. जॅक फिनी यांच्या १९५५ च्या 'द बॉडी स्नॅचर्स' या कादंबरीत परग्रहावरील आक्रमक अखेर पृथ्वी सोडून जातात. डॉन सीगल यांना १९५६ च्या चित्रपटाचा शेवट महामार्गावर एकाकी ओरडणाऱ्या नायकावर करावयाचा होता; परंतु निर्मितीसंस्थेच्या आग्रहामुळे आरंभी व अखेरीस दिलासा देणारे प्रसंग जोडावे लागले. १९७८ मध्ये फिलिप कॉफमन यांनी याच कथेत नायकालाही आक्रमकांपैकी एक झालेला दाखविले. तत्पूर्वी १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मधील नायक रात्रभर तग धरून पहाटे बचावासाठी आलेल्यांच्याच गोळीला बळी पडला होता. पूर्वी लादलेल्या आशेमुळे कलावंताचा अपेक्षाभंग होत असे. पुढे कलावंताने निवडलेल्या अंधारामुळे प्रेक्षकाचा होऊ लागला.

१९८० मध्ये 'डार्क फोर्सेस' या संग्रहात प्रथम प्रसिद्ध झालेली किंग यांची दीर्घकथा मेन राज्यातील एका गावात घडते. दाट धुके आणि त्यातील हिंस्र प्राणी यांच्यामुळे काही माणसे एका मोठ्या दुकानात अडकतात. डेव्हिड ड्रेटन आपल्या लहान मुलाला आणि मोजक्या सोबत्यांना घेऊन मोटारीतून बाहेर पडतो. पिस्तुलात उरलेल्या गोळ्यांचा विचार त्याच्या मनात येऊन जातो. तथापि रेडिओवर एका शहराचे नाव ऐकू आल्याच्या भासाला धरून तो पुढे जाण्याचे ठरवितो. कथा तेथेच थांबते. ते पुढे वाचले की नाही, हे वाचकाला कधीच कळत नाही.

चित्रपटात मोटारीतील इंधन संपते. माणसे पाच, गोळ्या चार. प्राण्यांच्या तोंडी पडण्यापेक्षा मरण बरे, असे मानून डेव्हिड पोटच्या मुलासह चौघांना गोळ्या घालतो आणि स्वतःच्या मृत्यूची वाट पाहत धुक्यात उभा राहतो. काही क्षणांतच धुके विरते आणि सैन्याची वाहने समोर येतात. हा शेवट राखण्यासाठी डॅराबॉन्ट यांनी अधिक मोठा निधी नाकारून सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरमध्ये चित्रपट पुरा केला. स्वतः किंग यांनीही या शेवटाची जाहीर प्रशंसा केली.

मूळ लेखकाची संमती असूनही अनेकांना हा शेवट रुचला नाही. त्यांच्या नाराजीला केवळ हळवेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पूर्णतः सज्जन माणसाचा अधःपात करुणा वा भय न जागविता उबग आणतो, असे ॲरिस्टॉटलने नोंदविले आहे. येथे चूक बापाची आहे आणि प्राण मात्र निरपराध मुलाचा गेला आहे.

तरीही या शेवटामागे विचार आहे. घरी एकट्या राहिलेल्या मुलांसाठी एक स्त्री आरंभीच दुकानाबाहेर पडते. ती सोबत मागते. कोणीही पुढे होत नाही. अखेरीस तीच स्त्री आपल्या मुलांसह सैन्याच्या गाडीत सुखरूप दिसते आणि डेव्हिडकडे पाहत निघून जाते. म्हणजे चित्रपट आशेला खोटे ठरवीत नाही. हताशेला तो दोषी ठरवितो. मात्र हा निवाडा मिनिटांच्या फरकावर, म्हणजे योगायोगावर उभा आहे. दीर्घकथेने तो वाचकावर सोडला होता आणि बापाला पुढच्या वळणापर्यंत जाण्याची मुभा दिली होती. ती मुभा गेल्याचे दुःख मूळ कथेच्या वाचकाला झाले असेल, तर त्याने कथा नीट वाचली होती, असेच म्हणावे लागेल.